कळेला लाट म्हणणाऱ्या बाया

पहिल्याच तासाला आम्हाला डोळे मिटायला सांगितलं. मोबाईलच्या पडद्यावर पुण्याच्या एक मॅडम होत्या. अंगात पांढरा कुडता, मागे भिंतीवर मण्यांची झालर आणि भर दुपारी पेटवलेली मेणबत्ती. "सख्यांनो," त्या म्हणाल्या, "तळहात पोटावर ठेवा आणि आपल्या गर्भाशयाला विचारा, तुला माझ्याकडून काय हवंय?"

मी चंद्रपुरातल्या माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बसले होते. मे महिना होता. नळ आला नव्हता म्हणून कूलर कोरडा होता, आणि कोरडा कूलर तोंडावर भट्टीची हवा फेकत होता. तरी मी इमानदारीने विचारलं. गर्भाशय काही बोललं नाही. दोन लेकरं देऊन ते मोकळं झालं होतं आणि त्याला माझ्याकडून शांततेशिवाय काही नको असावं.

बाकीच्या सख्यांना मात्र उत्तरं आली होती. एकीच्या गर्भाशयाला माफी हवी होती. एकीच्याला नाचायचं होतं. मॅडमनी प्रत्येक उत्तराला डोळे ओले करून मान डोलावली. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "मॅडम, माझं झोपलंय." त्या म्हणाल्या, "तुम्ही अजून बंद आहात."

हा डूला होण्याचा कोर्स होता. डूला म्हणजे बाळंतपणात बाईच्या सोबतीला राहणारी बाई. ती डॉक्टर नसते, नर्स नसते, दाईही नसते. सुईला हात लावत नाही, बाळ काढत नाही. ती हात धरते, कंबर चोळते, घोटभर पाणी पाजते, काय चाललंय ते समजेल अशा भाषेत सांगते आणि शेवटपर्यंत उठून जात नाही. एवढ्या साध्या कामासाठी गर्भाशयाची मुलाखत का घ्यावी लागते, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

मी या भानगडीत पडले ती शेजारणीमुळे. माझा बाप माजरीच्या कोळसा खाणीत होता, मी कॉलनीत वाढले, लग्न होऊन चंद्रपूरला आले आणि एका खाजगी शाळेत मराठी शिकवत होते. शाळेने मराठीचे तास कमी करत आणले आणि एक दिवस मलाही कमी केलं. घरी बसले होते. आमच्या भिंतीला भिंत लागून शिवणकामवाल्यांचं घर आहे. त्यांची सून बल्लारपूरची, पहिलटकरीण. तिची आई वारलेली, सासूचे गुडघे गेलेले. कळा सुरू झाल्या तशी ती माझ्या दाराशी आली आणि म्हणाली, "भाभी, आप चलो ना. अम्मी से सीढी नहीं चढी जाती."

मी गेले. दवाखान्याचं नाव घेत नाही, घेऊन काही फरक पडणार नाही. प्रसूतीच्या खोलीबाहेर भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवलेलं होतं की बाळंतपणाच्या वेळी मातेजवळ तिच्या पसंतीची एक स्त्री थांबू शकते. त्या अक्षरांना पाठ टेकून चौकीदार उभा होता आणि म्हणत होता, "चला, नातेवाईक बाहेर. सगळे बाहेर."

मी म्हटलं, "भाऊ, जरा बाजूले सरका."

"काऊन?"

"तुमच्या पाठीमागं काय लिवलंय ते वाचाचं हाय."

तो सरकला. मी वर्गात धडा वाचते तसं मोठ्यानं वाचलं. बाकड्यावरच्या बाया ऐकू लागल्या. चौकीदारानेही ऐकलं, बहुतेक आयुष्यात पहिल्यांदा. मग आतून सिस्टर ओरडली, "काय चाललंय तिथं? एकीला येऊ द्या आणि दार लावा." मी आत गेले. शेजारच्या सुनेने माझं मनगट धरलं ते बाळ होईपर्यंत सोडलं नाही. माझ्या बांगड्या फुटल्या, हाताला खरचटलं. मी काहीच विशेष केलं नाही. ती विचारायची, "भाभी, हो गया क्या?" आणि मी म्हणायचे, "नाही झालं अजून, पण होऊन राह्यलं." खोटं बोलले नाही एवढंच. मुलगा झाला. शिकाऊ डॉक्टर मुलगी टाके घालता घालता म्हणाली, "मॅडम, तुम्ही डूला आहात का?"

"नाही," मी म्हटलं, "शेजारी आहे."

तिनेच मला तो शब्द समजावून सांगितला. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो वीजकेंद्रात कामाला, दिवसभर यंत्रांच्या आवाजात राहून त्याचं बोलणंही मोठं. "हात धराचा कोर्स असते?" तो म्हणाला. "मंग लग्नाच्या दिवशी मले सर्टिफिकेट काऊन नाई देल्लं?" हसून झाल्यावर त्यानेच रात्रभर मोबाईलवर कोर्स शोधले. त्याला मी घरात बसलेली आवडत नव्हती. मी रिकामी असले की त्याच्या कपाटाला हात लावते.

तर शोध सुरू झाला आणि मी पुण्याच्या मेणबत्तीपाशी पोचले.

त्या कोर्समध्ये कळ हा शब्द निषिद्ध होता. कळ म्हणायचं नाही, लाट म्हणायचं. मॅडम म्हणाल्या, "शब्द बदलला की अनुभव बदलतो." मी विचारलं, "आणि बाई म्हणाली, मले कळा येऊन राह्यल्या, तर?" त्या म्हणाल्या, "तिला प्रेमाने सांगा, या लाटा आहेत." मी मनात कल्पना करून पाहिली. आमच्या चंद्रपूरची बाई, घामाने निथळलेली, दात आवळून पडलेली, आणि मी तिच्या कानाशी वाकून सांगतेय की बाई, या लाटा आहेत. समुद्र इथून किती लांब, हे विचारण्याआधीच तिने मला जवळच्या तांब्याने हाणलं असतं, आणि मी ते योग्यच समजले असते.

पुढच्या तासाला पाण्यातल्या बाळंतपणाचं कौतुक झालं. गोल टब, कोमट पाणी, पाण्यावर गुलाबाच्या पाकळ्या. "तुमच्या शहरात असे टब भाड्याने मिळतात का, याची चौकशी करून ठेवा," मॅडम म्हणाल्या. मी चौकशी केली नाही. आमच्या गल्लीत मे महिन्यात टँकर येतो तेव्हा बादल्या लावण्यावरून सख्ख्या जावांची तोंडं बंद होतात. त्यात कोणी म्हटलं असतं की एवढं पाणी मला पाकळ्या सोडायला हवंय, तर पोलीस बोलवावे लागले असते.

हे सगळं मी सहन केलं असतं. वेडेपणा मला शाळेत रोज दिसत होता, त्याचं मला अप्रूप नाही. पण एक दिवस मी साधा प्रश्न विचारला. "मॅडम, प्रत्यक्ष बाळंतपणात आम्हाला कधी नेणार?"

"आपण व्हिडिओ पाहणार आहोत ना. आणि तुमच्याकडे बाहुली असेलच."

"आणि तुम्ही स्वतः शेवटचं बाळंतपण कधी पाहिलं?"

मॅडम हसल्या. मग माझ्या नावापुढच्या माईकवर काट मारलेली दिसली. त्यांनी माझा आवाज बंद केला होता. त्यानंतर शेवटपर्यंत मी त्या वर्गात मुकीच होते.

मी इरेला पेटले. त्यांच्या जाहिरातीत आधीच्या विद्यार्थिनींचे हसरे फोटो होते, त्यातली एक चंद्रपूरचीच निघाली. पत्ता काढून मी तिच्या घरी गेले. तिने चांगली खुर्ची दिली, चहा केला. भिंतीवर सोनेरी चौकटीत सर्टिफिकेट होतं, त्याच्याखाली फुग्यांचा ढीग.

"किती बाळंतपणं केली सोबत?" मी विचारलं.

ती फुग्याला गाठ मारत होती. "एकही नाई जी. दवाखान्यावाले आत घेतच नाई. म्हणतात, तू कोण? मी सर्टिफिकेट दाखवलं तं त्या सिस्टर हसल्या. आत जाऊन काय बोलाचं, सिस्टरशी कसं बोलाचं, हे तं शिकवलंच नव्हतं."

"मग मॅडमले विचारलं नाही?"

"विचारलं ना. त्या म्हणाल्या, विश्वाकडे मागणी करा." तिने फुगा बाजूला ठेवला. "आता मी डोहाळजेवणाचं डेकोरेशन करते. ते बरं चालते."

तिचा मला राग आला नाही, यायचं कारणही नव्हतं. ती हुशार होती आणि फसवली गेली होती. ज्यांनी फसवलं त्या अजून मेणबत्ती लावून बसल्या होत्या आणि पुढच्या सख्यांना पोटावर हात ठेवायला सांगत होत्या. मी कोर्स सोडला. सोडताना त्यांनी मला निरोपाचा संदेश पाठवला, त्यात एक कमळ होतं.

दुसरा कोर्स नागपूरला होता. हॉटेलचा हॉल, खुर्च्यांना पांढऱ्या खोळी आणि शिकवायला चक्क एक सद्गृहस्थ. रेशमी कुडता, कपाळाला गंध, आवाज लोण्यासारखा. त्यांनी स्वतः अर्थातच कधी पोट वाढवलेलं नव्हतं, पण गर्भातल्या जिवाला काय ऐकू जातं, काय आवडतं, कशाने त्याची बुद्धी तेज होते हे त्यांना इतकं ठाऊक होतं की जणू ते नुकतेच तिथून आले होते. "तुम्ही नुसत्या सोबतिणी नाही," ते म्हणाले. "तुम्ही तेजस्वी पिढीच्या शिल्पकार आहात." बाया वह्यांत उतरवून घेत होत्या.

मग आहार आला. दूध, तूप, केशर, बदाम. केशराने वर्ण उजळतो, असंही ओघात सांगितलं. मांस, अंडं, मासळी वर्ज्य, कारण ते तामसी.

मी हात वर केला. "सर, आमच्याकडे पोटुशी बाईच्या अंगात रक्तच नसते. कित्येकींना सिकलसेल असतो. तिनं अंडं काऊन नाई खायाचं? बदाम तिले कोण देईल?"

ते हसले. मोठ्या माणसांना प्रश्न ऐकल्यावर जे दयाळू हसू येतं, ते. "ताई, शरीर हे कर्माने मिळतं. आपण संस्कारावर काम करतोय." आणि मग, अगदी सहज, "आपलं आडनाव काय?"

मी सांगितलं.

"अच्छा," ते म्हणाले. त्या अच्छामध्ये काय काय होतं हे ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगावं लागत नाही आणि ज्यांनी नाही ऐकलं त्यांना सांगून पटत नाही. "मग तुम्हाला हा भाग थोडा जड जाईल. मंत्रांचा उच्चार वगैरे. पण प्रयत्न करा."

मी उभी राहिले. मी मराठीची मास्तरीण, उच्चार हा माझा धंदा होता. म्हटलं, "सर, आमच्या घरी छप्पन सालापासून मंत्र बंद आहेत आणि तरी आमची लेकरं बोलायला शिकतात. उच्चाराचं राहू द्या. कळा द्यायच्या वेळी बाईला उलटी झाली तर तिला कोणत्या कुशीवर वळवायचं, एवढं सांगा."

त्यांना ते माहीत नव्हतं. आयोजक बाई माईक घेऊन धावत आल्या आणि म्हणाल्या, आता आपण जेवणासाठी थांबू. जेवण मात्र मी करून आले. जे लोक अंड्याला तामसी म्हणतात ते बासुंदी झकास करतात. दुपारच्या सत्राला माझी खुर्ची रिकामी राहिली. बसमध्ये माझ्याशेजारी एक बाई मांडीवर कोंबडा घेऊन बसली होती. त्या दिवशी भेटलेल्यांत मला तो कोंबडाच सगळ्यात सरळ वाटला. त्याने निदान मला काही शिकवायचा प्रयत्न केला नाही.

नवरा म्हणाला, "सोडून दे. शिकवणी घे घरी." मग मला ती टाके घालणारी डॉक्टर मुलगी आठवली. दवाखान्यात जाऊन तिला गाठलं. तिने गडचिरोलीच्या एका बाईंचा नंबर दिला. निवृत्त परिचारिका, मूळच्या चिमूरच्या, नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात जन्म गेलेल्या. "पण सांभाळून हं," ती म्हणाली, "त्या फार टाकून बोलतात."

मी फोन लावला. पलीकडून आवाज आला, "काऊन याचं हाय तुम्हाले?"

मी तयारी केलेलं वाक्य सुरू केलं, की स्त्रीच्या आयुष्यातल्या या नाजूक क्षणी...

"नाजूक नसते ते," त्या म्हणाल्या. "रक्त असते, हागणं असते, ओरडणं असते. पुढं बोला."

मी वाक्य टाकून दिलं. एव्हाना मलाही विचारायचे प्रश्न पाठ झाले होते. विचारलं, "बाळंतपणं प्रत्यक्ष दाखवता?" "दाखवते. दवाखान्याची परवानगी घेऊन, आणि त्या बाईले विचारून. ती नाई म्हणाली तं तुम्ही बाहेर." "मी काम करत असताना माझ्यावर नजर कोण ठेवणार?" "मीच. दुसरं काम काय हाय मले?" "आणि काय करायचं नाही, ते शिकवता?" "तेच पहिलं शिकवते. तपासाचं नाई, औषध द्याचं नाई, डॉक्टरच्या अन् बाईच्या मधात आपलं मत घालाचं नाई." मग मी शेवटचा प्रश्न विचारला, ज्यावर मेणबत्तीने माझा आवाज बंद केला असता. "तुमच्याकडे शिकलेल्या एखादीशी बोलायला मिळेल?"

"मिळेल ना," त्या म्हणाल्या. "मागच्या खेपेस एकीले नापास केलं. तिचाच नंबर देते. पास झालेल्या काय, गोडच बोलतील."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण नंबर आला. मी त्या नापास बाईला फोन केला. ती भद्रावतीकडची, आवाजावरून तिशीची असेल. मी कोण ते सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाले खरं सांगू का? बाईंनी मले नापास केलं ते बरोबर केलं."

"काय झालं होतं?"

"एका पोरीले डॉक्टर म्हणत होते, बाळाचे ठोके कमी होऊन राह्यले, सिझर करा लागते. पोरगी माह्याकडं पाहून राह्यली. मी आधी एक ऑनलाइन कोर्स केला होता, त्यात सांगितलं होतं की डॉक्टर घाई करतात. मी तिले म्हटलं, थांब थोडं, होईल नीट. ती सही कराले तयार होईना. बाईंनी मले हाताले धरून बाहेर काढलं. मंग त्यांनी तिले समजावलं, सिझर झालं. दोघंही वाचले. पण माह्यामुळं नाई वाचले. माह्यामुळं तं गेले असते."

"बाई रागावल्या असतील."

"नाई. तेच तं. चहा पाजला अन् म्हणाल्या, घरी जाय. तुम्ही जा त्यांच्याकडं. खऱ्या हायेत."

कोर्स कसा निवडावा यावर मी तोवर बरंच वाचलं होतं, सगळं चकचकीत. पण स्वतःचा नापास झालेला माल आपल्या हाताने गिऱ्हाइकापुढे ठेवणारा दुकानदार मी पहिल्यांदा पाहिला. मी त्याच आठवड्यात गडचिरोलीला गेले.

तिथे चकचकीत काही नव्हतं. पत्र्याचं छप्पर असलेला हॉल, वीज गेली की सगळ्या घामाने चिंब. आम्ही मोजक्याच बाया, कोणी अंगणवाडीची, कोणी आशाताई, एक सिरोंचाची तेलुगू बोलणारी. बाई ठेंगण्या, चष्मा दोरीला बांधलेला, तोंडात कायम काहीतरी कुजकं. टोमणे मारण्यात माझी बरोबरी करणारी बाई मला आयुष्यात प्रथमच भेटली आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी मला पुढे बोलावलं. जुनं प्रसूतीचं टेबल आणून ठेवलं होतं. "झोपा," त्या म्हणाल्या. मी साडीत होते. पाय वरच्या कड्यांत अडकवून घेतले, वर चादर टाकली. मग बाईंनी दोघींना माझ्या पायाशी उभं केलं आणि सांगितलं, "आता आपसात बोला. काहीही. हिच्याशी मात्र बोलू नका." त्या दोघी भाजीच्या भावावर बोलू लागल्या. मग एकीच्या नणंदेवर. मी छपराचे पत्रे पाहत पडले होते. सुरुवातीला हसू आलं. थोड्या वेळाने हसू गेलं. नंतर मला माझी स्वतःची पहिली खेप आठवली, जेव्हा आयाने माझ्या मांडीवर चापट मारून म्हटलं होतं, "नाटकं नको करू, करताना गोड लागलं ना?" हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी कानात गेलं. बाईंनी चादर काढली आणि वर्गाला म्हणाल्या, "समजलं? आता पुढचा धडा." मला उठायला हात मात्र त्यांनीच दिला.

शिकलो ते सगळं असं. कंबरेला नेमकं कुठे दाबायचं. कूस कशी बदलवायची. सिस्टरशी कसं बोलायचं, म्हणजे हक्काने पण भांडण न करता. धोक्याच्या खुणा कोणत्या आणि त्या दिसल्या की आपण काही न करता हाक कुणाला मारायची. बाई रोज एक वाक्य मला उद्देशून म्हणायच्या: "तुमचा राग बाहेर चपलांजवळ ठेवून येत जा. बाळंतपण तुमचं नाई." मला त्याचा राग यायचा.

सोबतीण म्हणून माझं पहिलं बाळंतपण एटापल्लीकडच्या जंगलातल्या एका छोट्या दवाखान्यात झालं. बाळंतीण गोंडी बोलणारी, विशी-बाविशीची. आशाताई तिला सोडून दुसऱ्या गावी गेली होती. नवरा बाहेर आवारात. मी विचारलं, सोबत थांबू का, तर तिने तोडक्या मराठीत "राहा" म्हटलं. सिस्टर लांबच्या जिल्ह्यातून बदली होऊन आलेली, गोंडी येत नसलेली, आणि डॉक्टर इतका तरुण की त्याला स्वतःच्याच ओरडण्याची भीती वाटत होती. माझ्या बाई कोपऱ्यात स्टुलावर.

कळा चांगल्या होत्या. पण टेबलावर घेतल्यावर बाळंतीण आखडली. गुडघे घट्ट मिटून घेतले. सिस्टर म्हणाली, "पाय सोड. सोड ना गं." ती मिटूनच. तोंडाने एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती. "सहकार्यच करत नाही," डॉक्टर म्हणाला. सिस्टरने आवाज चढवला, "लाज वाटून काय उपयोग आता? आधी वाटायला हवी होती."

माझ्या जिभेवर असं काही आलं होतं की त्या सिस्टरने पुन्हा बदली मागितली असती. चपला बाहेर होत्या, राग मात्र माझ्याबरोबर आत आला होता. मी कोपऱ्याकडे पाहिलं. बाई माझ्याकडे पाहत होत्या, चेहरा कोरा. मी तोंड मिटलं आणि सिस्टरला म्हटलं, "सिस्टर, ती काहीतरी सांगतेय. तिच्या नवऱ्याला विचारून येऊ का? लगेच येते."

"जा," सिस्टर म्हणाली. तिलाही उपाय हवा होता.

मी धावत आवारात गेले. नवरा झाडाखाली उकिडवा बसला होता. तो शब्द जसा ऐकला तसा म्हणून दाखवला. उच्चार वाकडा झाला असणार, पण त्याला समजला. तो म्हणाला, "खिडकी म्हणून राह्यली."

मी वळून पाहिलं. प्रसूतीच्या खोलीच्या खिडकीची खालची काच फुटलेली होती. बरोबर टेबलाच्या पायाशी. आणि खिडकीबाहेर सावली चांगली म्हणून गाडीचा ड्रायव्हर आणि दोन-तीन बाप्ये तंबाखू मळत उभे होते. आत पाहत नव्हते, पण पाहू शकत होते. खोलीतल्या आम्हा सगळ्यांची त्या खिडकीकडे पाठ होती. तोंड फक्त तिचं होतं.

मी त्या बाप्यांना तिथून हाकललं. तेवढा राग मी वापरला, आवार माझ्या चपलांच्याच बाजूला होतं. आत येऊन ओढणी काढली आणि खिडकीच्या गजांत दोन्ही टोकं खोचली. मग तिच्याजवळ जाऊन खिडकीकडे बोट दाखवलं. तिने मान उचलून पाहिलं. डोकं खाली टेकलं आणि गुडघे आपोआप सैल पडले. सिस्टरने खिडकीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि एकदम खालच्या आवाजात म्हणाली, "बरं बाई, आता दे जोर." मुलगी झाली. लगेच रडली. डॉक्टरने घाम पुसला. बाहेरच्या नवऱ्याला बातमी मीच दिली. तो उठून उभा राहिला आणि परत बसला.

संध्याकाळी बाईंनी डबा उघडला, अर्धी भाकर मला दिली. मी वाट पाहत होते. कौतुकाची नाही म्हणणार, पण वाट पाहत होते. त्या म्हणाल्या, "खिडकी तुम्ही आत गेल्यागेल्या पाहाले पाहिजे होती. एवढा वेळ तिनं कळा कशा दाबून ठेवल्या असतील?" ते खरं होतं. मग पाणी पिऊन त्याच म्हणाल्या, "मी पण नाई पाहिली."

मी पास झाले. त्या दवाखान्याला खिडकीसाठी पडदा मिळावा म्हणून आम्ही दोघी तालुक्याला गेलो. साहेब म्हणाले की काच बदलण्याची मागणी वर पाठवलेली आहे, आणि काच येणार असताना पडद्याचा खर्च कसा दाखवणार. काच आली नव्हती. बाईंनी साहेबांना जे सुनावलं ते छापण्यासारखं नाही. परत येताना आम्ही बाजारातून जाड कापड घेतलं. माझ्या शेजारणीने, बांगड्या फोडणाऱ्या त्याच सुनेने, मशीनवर घडी टाकून पडदा शिवून दिला. तो आम्ही कोणाला न विचारता जाऊन लावून आलो. सिस्टरने स्टूल धरलं.

आता मी हेच काम करते. महिन्यातले काही दिवस गडचिरोलीच्या बाजूला, बाकी चंद्रपुरात. अर्धे डॉक्टर आत घेतात. उरलेले म्हणतात, हे शहरी खूळ आहे, आणि त्यांच्याच दवाखान्याच्या दारात केशराचं दूध विकायला ठेवलेलं असतं.

परवा एका तरुण मुलीचा फोन आला. तिलाही डूला व्हायचं होतं, दोन-तीन जाहिराती पाहून ठेवल्या होत्या, कोणता कोर्स घेऊ विचारत होती. मी म्हटलं, "तुला काऊन करायचं हाय?"

"मले लहान बाळं लय आवडतात, मॅडम."

"मग बालवाडी काढ. आमच्याकडं बाळ शेवटी येते. आधी बाई असते."

ती रडवेली होईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "बरं. मंग बाई कशी असते ते पाहाले मी कुठी येऊ?"

उत्तर बरं होतं. सोमवारी ये म्हटलं, पण आधी भद्रावतीच्या त्या नापास झालेल्या बाईशी बोलून घे म्हटलं, आणि तिचा नंबर दिला.